रस्ता कारखान्याला गेला

"रस्ता विचारणं म्हणजे अडाणीपणा, तात्या! आपण नॅव्हिगेट करायचं!" जीपच्या पुढच्या सीटवर बसत रविराजनं जाहीर केलं.

जळोचीच्या शाळेत तो इंग्रजी शिकवायचा. त्याच आठवड्यात हे क्रियापद त्यानं फळ्यावर लिहिलं होतं. जहाज हाकणं, वाट काढणं, अडचणीतून सहीसलामत सुटणं, असे तिन्ही अर्थ! पोरांना एकही कळला नाही. आपल्याला तिन्ही कळलेत, असा रविराजचा समज होता.

"ते नॅव्हिगेट मंजी काय रं?" सावळारामतात्यांनी, त्याच्या चुलत्यांनी, मागून विचारलं.

"मंजी कुणाला न इचारता चुकायचं," ड्रायव्हर मानसिंग म्हणाला.

लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर रविराजसाठी जयवंतांची मुलगी योगिनी बघायची होती. मुलीचे मामा बाराच्या एसटीनं जाणार होते, आणि त्या घरात मामांच्या होकाराशिवाय चहाला आधणसुद्धा चढत नसे. बाराच्या आत पोचलं तर लग्न; नाहीतर तिसाव्या वर्षी पुन्हा नवं स्थळ!

मध्यस्थानं दिवाळीत लांबून घर दाखवलं होतं. रविराजनं खुणा वहीत टिपल्या होत्या: 'उंच ऊस संपला की डावीकडे. तुऱ्याचा ऊस संपला की उजवीकडे. लोळलेला ऊस आला की घर आलं.'

आता जानेवारी होता. लासुर्णं मागं पडलं आणि रविराज वही घेऊन बघतच राहिला. चहूकडं नुसती खोडकी! तोडणी होऊन गेली होती. रविराजचा अख्खा रस्ता बैलगाड्यांत भरून कारखान्याला गेला होता, आणि एव्हाना त्याची साखरसुद्धा झाली असेल! रान इतकं मोकळं झालं होतं, की एका जागेवरून अकरा घरं दिसत होती.

"त्या शेरडंवाल्या बाईला इचारू?" मानसिंग म्हणाला.

"खबरदार! ते बघ, दारात रांगोळी, ओसरीवर सतरंजी, चार फेटेवाले. तेच घर!"

फेटेवाले धावतच आले. "या, या! लई येळ लावला!" पाय धुवायला पाणी आलं, पोहे आले, पाठोपाठ मुलगी आली.

"नाव काय तुमचं?" रविराजनं ऐटीत विचारलं.

"सुकन्या."

तात्यांच्या घशात शेंगदाणा अडकला.

"पिंपळीवनं यायला येवढा येळ?" मुलीचे वडील, बिरदेवआबा, कौतुकानं म्हणाले.

घड्याळात अकरा चाळीस. मुलीच्या हातचे पोहे खायचे आणि तिच्याच बापाला दुसऱ्या मुलीचं घर विचारायचं! असा पाहुणा इंदापूर तालुक्यात त्या दिवसापर्यंत जन्मला नव्हता.

"आबा, इकडं कुणी... जयवंता म्हणून..." रविराज चाचरत म्हणाला.

"सख्खा भाऊ माजा. बारा वर्सं बोलणं न्हाय. का वो?"

"काही नाही. नाव चांगलं आहे."

आबा आणखी पोहे आणायला आत गेले. सुकन्या हळूच म्हणाली, "योगिनीला बघाया आलासा नव्हं?"

"हो. चुकलो."

"उसाच्या खुणंवर आला आसाल!" तिनं पदर तोंडाला लावला. "मागल्या वाटंनं जावा. तिसऱ्या इजंच्या खांबाला डावीकडं वळा. खांब तोडणीला जात न्हाईत."

'जीप जरा फिरवून आणतो' म्हणून तिघं सटकले. बारा वाजून दहा मिनिटांनी जयवंतांच्या दारात! मामांची एसटी गेली होती. बातमी मात्र येऊन पोचली होती.

"थोरल्याकडं पोहं खाल्लं," जयवंता दारातच आडवे उभे राहिले, "आता हितं काय हात पुसाया आलासा?"

परत येताना मानसिंग दर चौकात गाडी थांबवून रस्ता विचारत होता. बारामतीत, स्वतःच्या घरासमोरही!

आठ दिवसांनी बिरदेवआबांचं पत्र आलं.

'पिंपळीचे पाहुणे अद्याप पोचलेले नाहीत. त्यांच्यापेक्षा तुम्ही बरे, चुकून का होईना पोचलात. मुलीस पसंत आहे. साखरपुडा आमच्या दारात करू. चि. रविराज यांनी मात्र आपण होऊन निघू नये. घरीच तयार बसावे. न्यायला माणूस येईल.'