काचदरवाजाच्या मोहिमेची हकीकत

श्रोतेजनांस विदित व्हावे जे, तलवारींच्या लढाया लिहिणारे बहुत जाहले, परंतु निबंधांच्या लढाईत कोणाची फजिती कोणाच्या खाती जमा पडली, याचा हिशेब कोणी ठेविला नाही. सबब ही हकीकत, जैसी घडली तैसी, मीठमसाला बेताचाच घालोन, लिहिली असे.

सुरक्षाशास्त्राची एक विद्यार्थिनी मावशीच्या घरी राहत असे. तिने मावशीच्या मोबाइलास ऐसा बळकट पासवर्ड घातला की खुद्द मावशीस आपलेच फोटो पाहणे दुरापास्त जाहले, म्हणोन घरच्यांनी तीस कुलूपबाई हा किताब बहाल केला. ऐशात विद्वन्मुकुट, चोरांचे कर्दनकाळ, राजमान्य राजश्री विभागप्रमुखसाहेब यांनी फर्मान काढिले जे, विद्यार्थ्यांनी सुरक्षेवर शोधनिबंध लिहावा, परीक्षक आम्ही खुद्द, आणि जो फत्ते करील त्यास संशोधनकक्षात सालभराची जागीर, म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि पोटापुरते वेतन मिळेल. इकडे मावसदादाने निर्वाणीचे बजाविले होते की जागा न मिळाल्यास मुकाट्याने त्याच्या बॅगांच्या दुकानी गल्ल्यावर बसावे.

मग कुलूपबाईने कंबर कसली आणि निबंध रचिला. सिद्धांत ऐसा जे, दरवाजे पहारीने फुटत नाहीत, भिडेने उघडतात. चोरास किल्ली नको, हातांत ओझे आणि कपाळी घाम पुरे. मजकूर मातबर, भाषा फर्मास. परंतु शिकविणाऱ्या बाईंनी समासात एकच शेरा मारिला, "म्हणणं झकास. पुरावा कुठाय?" आणि त्या एका शेऱ्याने अवघी फौज जागीच लंगडी जाहली.

निबंध दाखल करण्याचा अखेरचा दिवस उगवला. दाखल करावयाचा तो विभागातल्याच संगणकावरोन. कुलूपबाई प्रयोगशाळेच्या जुन्या वायरींचा खोका परत करावयास दोन्ही हातांनी उचलोन निघाली, आणि विभागाच्या काचदरवाजापाशी पोहोचली तेव्हा ध्यानी आले की कार्ड दुसऱ्या पिशवीत घरीच राहिले. दरवाजा ऐसा कडवा की कार्ड टेकविल्याविना आत वाराही शिरणार नाही. दुनियेस कुलपे शिकविणारी, आणि आपणच बाहेर! इतक्यात खुद्द साहेबांची स्वारी कॉफीचा पेला घेवोन आली, आणि साहेबांनी कार्ड टेकविले, आणि पायाने दरवाजा थोपवोन धरिला, आणि ओझे पाहोन कळवळले.

"या, या. सावकाश. केवढं जड आहे हो! आतपर्यंत पोचवू का?"

ना नाव पुसले, ना गाव, ना कार्ड. कुलूपबाई आत आली, खोका खाली ठेविला, आणि मग मस्तकी वीज चमकली की पुरावा तो हाच, जो आत्ता कॉफी पीत पुढे गेला.

मग फोनवर मावशीशी मसलत जाहली.

"वेड लागलंय का तुला? परीक्षकालाच आरोपी करतेस? पाण्यात राहून माशाशी वैर! गाळ ते."

"मावशी, ते गाळलं तर उरलं काय? नुसती बडबड."

"मग बस गल्ल्यावर, बॅगांच्या चेन ओढून दाखवत!"

कुलूपबाईने गल्ला डोळ्यांपुढे आणिला, अंमळ दचकली, आणि तरीही परिच्छेद लिहिला. आधी कार्ड विसरल्याची आपली चूक नमूद केली, मग आत घेणाऱ्याची मेहेरबानी. नाव वगळिले, हुद्दा लिहिला. त्या हुद्द्याचा मनुष्य विभागात एकच होता, त्यास तिचा इलाज नव्हता.

साहेब निबंध वाचताना प्रथम डुलले, मग थबकले, मग चष्मा पुसोन पुन्हा वाचिते जाहले. राग आणि हसू यांची मोठी हातघाई होवोन हसू सरस ठरले. फर्मान सुटले जे, पहिला क्रमांक यासच, आणि आजपासोन कोणी कोणासाठी दरवाजा धरू नये, मग तो प्रत्यक्ष आमचा व्याही का असेना.

बक्षिसाचे दिवशी विभागातले सभागृह गच्च भरले, मावशी पहिल्या रांगेत, आणि साहेबांचा पत्ता नाही. कुलूपबाई पाहावयास काचदरवाजापाशी आली, तो काचेपलीकडे साहेब घामाघूम उभे, एके हाती बक्षिसाची ढाल, दुजे हाती पुष्पगुच्छ, आणि कार्ड आत टेबलावर! साहेबांनी ढालीनेच काचेवर टकटक केली.

"अगं, उघड की!" मागोमाग आलेली मावशी ओरडली. "बक्षीस बाहेर राहिलंय!"

कुलूपबाईचा हात दरवाजाकडे गेला, आणि अर्ध्यातोन परतला.

"सर, कार्ड?"

साहेबांनी तिजकडे पाहिले, ढालीकडे पाहिले, आणि ऐसे हसले की गुच्छातली फुले गळोन पायाशी पडली. "शाबास! आता पहारेकऱ्याला बोलाव. काय ती ओळख पटवतो आणि येतो."

येणेप्रमाणे पहारेकऱ्याने रीतसर शहानिशा करोन साहेबांस आत घेतले, आणि कुलूपबाईची फत्ते जाहली. जमेस ढाल, टेबल, खुर्ची. खर्ची थोडी फुले, आणि मावसदादाचा एक फुकटचा नोकर. त्याच सांजे मावशीने आपल्या मोबाइलचा पासवर्ड मागितला, तेव्हा कुलूपबाईने आधी ओळख पटवावी ऐसे सुचविले, त्यावर पाठीत सणसणीत धपाटा मिळाला. तोही जमेसच धरिला असे.