रातांधळेपणाची थाप

चष्म्याचं दुकान आता रात्री नऊपर्यंत उघडं राहणार, असं मालकांनी सांगताच काचा घासणाऱ्या कारागिराच्या तोंडचं पाणी पळालं. दिवस मावळायच्या आत घर गाठायचं आणि खिडक्या लावून घ्यायच्या, हा त्याचा लहानपणापासूनचा नेम. त्याला ताऱ्यांची भीती वाटायची. उघड्या आभाळाखाली पाय जमिनीवरून सुटतील आणि आपण त्या खोल काळोखात वर वर पडत जाऊ, या विचारानंच त्याला दरदरून घाम फुटायचा. पन्नाशीच्या माणसानं हे सांगायचं तरी कुणाला?

"मालक, मला रातांधळेपणा आहे," तो बोलून गेला.

ही थाप मारायला त्याला चष्म्याचंच दुकान सापडलं! मालकांनी तिथल्या तिथे त्याला यंत्रापुढे बसवलं. "अहो, नजर तर घारीची आहे तुमची! म्हणजे रोग आतला असणार."

बाकावरच्या गिऱ्हाइकांनी 'रातांधळेपणा' तेवढाच ऐकला. "काचा घासणाराच आंधळा?" म्हणत दोघांनी दुसऱ्याच दिवशी चष्मे परत आणून आपटले. तिसऱ्या दिवशी रात्री मालक काळजीनं त्याच्या घरी आले.

"रातांधळे? हे?" बायको म्हणाली. "लाइट गेली की अंधारात डास मारतात. एक चुकत नाही."

मालकांचा चेहरा उतरला. "उद्यापासून येऊ नका," एवढंच बोलून ते जिना उतरले. वीस वर्षांची नोकरी डासांपायी गेली.

मग भिंतीकडे तोंड करून त्यानं सगळं सांगून टाकलं. ती हसणार, अशी त्याची खात्री होती.

"म्हणजे लग्नापासून एकदाही संध्याकाळी माझ्याबरोबर बाहेर पडला नाहीत, ते यापायी?"

"हो."

"मला वाटायचं, मी बरोबर असले की तुम्हाला लाज वाटते." तिनं भिंतीवरच्या आरशाकडे बोट दाखवलं. "बावीस वर्षं आरशाला बोल लावतेय मी."

ती उठली आणि छत्री घेऊन आली.

"चला."

"अगं, आभाळ निरभ्र आहे."

"म्हणूनच."

दोघं एका छत्रीखालून निघाले. तो पाय घासत चालत होता. शेजारीण गच्चीवरून ओरडली, "अगं, पाऊस कुठाय?"

"येईल की," बायको मान वर न करता म्हणाली.

कोपऱ्यावर तो थबकला. "सुटलो गं मी आता!"

तिनं छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि त्याचा दंड आपल्या काखेत आवळला. "सुटताय कसले? माझं वजन ठाऊक आहे ना? घट्ट धरा."