तक्रार-ॲपाची हकीकत, कोंबडगडासहित

श्री. बॅटरी भरलेली असो, रेंज अखंड असो, वाचणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे कल्याण असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिकमासी, सरकारच्या फौजेने एक कोंबडा जेर केला आणि त्यास कैदेत ठेवण्यासाठी कोंबडगड नामे लाकडी किल्ला बांधिला, त्याची दिगंतरी कीर्ती जाहली. पैकी काहीएक घडले नाही. कोंबडा नव्हता, गड नव्हता, फौज त्या दिवशी रजेवर होती, ऐसे समजून चालावे असा दिवाणांचा हुकूम आहे, आणि आम्ही हुकुमाचे ताबेदार, सबब जे घडले नाही ते वगळून बाकी हकीकत यथामति लिहितो. मात्र पुढे लाकडाचा प्रश्न निघेल तेथे कोंबड्याचे नाव घ्यावे लागेल, त्यास इलाज नाही.

तर राज्याचे नाव सांगण्याची परवानगी नाही. त्या राज्यी महाराज दयाळू होते आणि त्यांचे मनी एक शल्य होते की, दरबारी जो येतो तो "बरे आहे" म्हणतो, प्रजेचे दुःख कानी येत नाही. मग दिवाण त्रिंबकपंत बोलिले, "तक्रारीचे ॲप करावे. शेजारच्या राजाने केले आहे." महाराजांनी पुसिले, "त्याची प्रजा सुखी जाहली?" दिवाण बोलिले, "ते ठाऊक नाही, पण ॲप निळे आहे." मग हुकूम सुटला, आणि प्रोग्रामिंग नुकतेच शिकून परगावाहून राजधानीत आलेला निंबाजी नामे तरुण, ज्यास खानावळवाल्याखेरीज कोणी ओळखत नव्हते, त्यास कामावर नेमिले, आणि त्याजवर देखरेखीस वेणूबाई सरनोबत, ज्यांनी अनेक ॲपे उभी केली आणि दोन-चार पडतानाही पाहिली, त्यांस ठेविले. वेणूबाईंनी त्यास समजाविले की, "निंबा, ॲप म्हणजे दोन ठाणी. एक पडदा, तो प्रजेच्या हातात. बटणे तिथे, रंग तिथे. दुसरे दफ्तर, ते राजधानीत, त्यास सर्व्हर म्हणतात. सांगितलेले साठते तिथे. आणि दोहोंमध्ये एक हरकारा धावतो. तो शहाणा नाही. जसे बांधून द्याल तसे नेईल, गाठ चुकली तर वेशीवरून परत येईल." निंबाजीने मान डोलाविली आणि दिवसरात्र खपून ॲप सिद्ध केले. मग वेणूबाईंनी पुसिले, "कोणाच्या फोनवर चालवून पाहिलेस?" तो बोलिला, "माझ्या." "आणखी?" "माझ्याच, पण आडवा धरून." वेणूबाई बोलिल्या, "दुसऱ्याचा घे. जुना घे, फुटक्या काचेचा घे. माणसे कशी वापरतात ते बघ." इतक्यात दक्षिणेकडील जकातीचे ॲप कोसळल्याची वर्दी आली आणि त्यांस तातडीने कूच करावे लागले. निंबाजी दुसऱ्याचा फोन मागावयास निघाला, आणि रस्त्यात उभा राहून विचार करिता जाहला की कोणाचा मागावा, आणि कोणी सुचेना, म्हणोन परत येऊन आपलाच फोन उलटा धरून पाहिला. चालले. मग ॲप प्रजेस खुले केले, आणि दिवाणांनी दवंडी पिटविली की, यापुढे तक्रार ॲपावरूनच घेतली जाईल, तोंडी तक्रार सरकारास ऐकू येणार नाही.

महिना लोटला आणि दफ्तरात एकच तक्रार आली. ती भिकाजीपंत नामे गृहस्थांची होती. ते भावाशी, मेहुण्याशी, व्याह्याशी आणि दूधवाल्याशी अबोला धरून एकटे राहत. तक्रार अशी की, शेजारचा कोंबडा दुपारी आरवतो. मजकूर ऐसपैस, शुद्धलेखन निर्दोष, कोंबड्याच्या स्वभावावर वेगळे प्रकरण. दिवाण हर्षभरित होऊन बोलिले, "महाराज, अवघ्या राज्यात दुःख एक, आणि त्यास पिसे आहेत." मग फौज रवाना जाहली, कोंबडा तीन परसे आणि एक देवळाचा कळस लढवून शेवटी दाण्यास भुलून पाडाव जाहला, आणि तो उडतो हे ध्यानी घेऊन सरकारी वखारीतले सगळे सागाचे ओंडके लावून त्याजसाठी बुरुजासहित गड बांधिला. हे घडले नाही हे वर सांगितलेच आहे. आणि उरलेली प्रजा समाधानी, म्हणोन समाधान-महोत्सव करण्याचे ठरले, आणि एखादा समाधानी माणूस प्रत्यक्ष मिरविण्यासाठी आणावा म्हणोन निंबाजीस मुलखात धाडिले.

निंबाजी जाता जाता वेताळओढ्यापाशी पावला आणि पाहतो तो ओढ्यावरचा लाकडी साकव मोडलेला. दोन्ही तीरांस खांबांचे खुंट उभे आणि मध्ये पाणी धो धो. अलीकडच्या काठी गजाई नामे बाई दगडावर बसून जुन्या फोनावर एकेक अक्षर बोटाने शोधून दाबीत होती. निंबाजी जवळ जाऊन बोलिला, "मावशी, सरकारातून आलो आहे. आपण समाधानी आहात काय?" तिने वर पाहिले आणि म्हणाली, "बस. दमून आला आसशील. समाधानाचं मागनं बघू." मग पाणी दिले आणि आपली कथा सांगितली. तिची लेक सुंदरा ओढ्यापलीकडे दिलेली, पहिलटकरीण, नववा लागलेला. पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे अशी रीत, आणि सासरी तर बाईमाणूस कोणी नाही. घाटाने वळसा घालून यावे तर गाडीचे हादरे सोसवायचे नाहीत म्हणून वैद्याने मना केले. साकव झाला तर लेक हळूहळू चालत माहेरी येईल, नाही झाला तर तिकडे एकटी राहील. "म्हनून तक्रार लिवती. पर ही तुमची तक्रारपेटी माज्या लेकीवर डूख धरून हाय बग." निंबाजी बोलिला, "ॲप कोणावर डूख धरीत नाही, मावशी. मी स्वतः बनविले आहे." ती म्हणाली, "मग तुजंच काय वाकडं केलं माज्या सुंदरानं?" आणि इतक्यात फोन वाजला. सुंदराच होती. "आई, साकवाचं काय झालं?" "लिवतीया बाई. तू पाय वर घिऊन बस. वरन-भात खाल्लास का? त्यात तूप घे." ऐसे बोलून गजाईने फोन ठेविला आणि पडदा निंबाजीपुढे धरिला. ॲप नव्याने उघडले होते, "सुस्वागतम" म्हणत होते, आणि लिहिलेले सर्व गेलेले, एक काना मागे राहिला नव्हता. "आसं हाय. लिवलं की तिचा फोन, आन् फोन ठिवला की सगळं कोरं. तिचा नसला तर जावयाचा, न्हाईतर वैनीचा. समद्यास्नी काळजी. जितकी काळजी, तितकं कोरं." निंबाजी चाचरत बोलिला, "लिहिताना फोन उचलू नये." गजाई म्हणाली, "पोटुशी लेक फोन करती आन् आई उचलत न्हाई, आसं तुज्या गावात करत्यात व्हय? तुला मदीच फोन आला मंजी तू काय करतोस?" निंबाजी बोलिला, "मला येत नाही." "कुनाचाच?" "एका बाईचा येतो. कर्ज पाहिजे काय म्हणून. पण ती रेकॉर्ड केलेली आहे." गजाईने पिशवीतून अर्धी भाकरी काढून त्याच्या हातावर ठेविली.

मग निंबाजीने दरबारी वर्दी धाडिली की साकव मोडला आहे, आणि दिवाणांचे उत्तर आले की, ही तोंडी तक्रार असे, सबब ऐकू आली नाही. मग त्याने वेणूबाईंस फोन लाविला आणि घडले ते सांगितले. वेणूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिल्या ॲपात हे होतेच, माझ्याही झाले होते. ऐक. फोनाच्या आत एक किल्लेदार असतो. त्याच्याकडे जागा थोडी, पाहुणे फार. जो पडद्यावर तो दिवाणखान्यात. मध्येच फोन आला की फोन दिवाणखान्यात बसतो आणि तुझे ॲप मागल्या ओसरीवर जाते. जागा अपुरी पडली की किल्लेदार ओसरीवरच्यांस न पुसता हाकलतो. हाकललेले ॲप परत येते ते नवा जन्म घेऊन, मागचे काही आठवत नाही." निंबाजी बोलिला, "माझ्या फोनात कधी हाकलले नाही." "तुझा नवा, जागा ऐसपैस. आणि तुला..." ऐसे म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "फोनात एक कोठी असते. किल्लेदार पाहुणे हाकलतो, पण कोठीस हात लावीत नाही. अक्षर पडले की कोठीत टाक, आणि नव्याने उघडताना आधी कोठीत बघ. आणि तिथे रेंज कशी?" "बोलण्यापुरती आहे, मजकूर जाण्यापुरती नाही." "मग हरकाऱ्यास सांग, रेंज येईतो कोठीच्या दारात बसून राहा. रडत परत येऊ नकोस."

निंबाजीने ओढ्याकाठीच बसून दुरुस्ती केली, आपल्या फोनातली जागा पाहुणे भरून मुद्दाम अपुरी केली, आणि गजाईस सांगितले की मधून मधून मला फोन करीत जा, म्हणजे मजकूर राहतो की जातो ते मला कळेल. ती दर थोड्या वेळाने करी. कामाचे ऐन मध्यात फोन वाजे आणि ती पुसे, "जेवलास का?" तो म्हणे, "मावशी, चाचणी चालू आहे." ती म्हणे, "चाचनी आसंल, पर जेवलास का?" आणि निंबाजी फोन ठेवून ॲप पाही तो मजकूर जागच्या जागी. मग जवळच्या टेकाडावर रेंज मिळे तेथून नवे ॲप ॲपांच्या पेठेच्या नाक्यावर तपासणीस गेले, कारण नाकेदाराचे पाहणे झाल्याशिवाय कोणतेही ॲप प्रजेच्या फोनात जात नाही. नाकेदाराने अडविले आणि पुसिले, "तक्रार लिहावयाची, तर कॅमेऱ्याची परवानगी कशास मागता? माईकची कशास? लोकांच्या ओळखीच्या नंबरांची कशास?" निंबाजीने कबूल केले, "लागले तर असावे म्हणून." नाकेदार बोलिला, "दरोडेखोरही किल्ल्यांचा जुडगा असाच बाळगतो. मागच्या वेळी नजरचूक जाहली, आता होणार नाही." मग निंबाजीने कामापुरते ठेवून बाकी सोडून दिले, आणि मधल्या दिवसांत पलीकडून सुंदराचे फोन वाढले आणि गजाईचे बोलणे कमी जाहले, आणि शेवटी शिक्का बसला. गजाई टेकाडावर जाऊन नवे ॲप घेऊ लागली तर फोनात जागा नव्हती, म्हणोन दिराने पाठविलेली उगवत्या सूर्याची सगळी चित्रे तिने पुसली, तेव्हा मावले. मग खाली येऊन तिने "साकव मोडला" इतके लिहिले आणि सुंदराचा फोन आला, आणि बोलून परत पाहते तो "साकव मोडला" जसेच्या तसे. पुढे लिहिले, "लेक पलीकडं हाय," तो वैनीचा फोन आला. तेही राहिले. मग पुन्हा टेकाडावर चढून गेली, तेथे रेंज आली, आणि हरकारा सुटला.

तो एकटा सुटला नाही. राज्यातल्या ज्या ज्या माणसास लिहिता लिहिता कोणी फोन करीत असे, त्या सर्वांच्या तक्रारी त्या दिवशी दफ्तरी येऊन थडकल्या, आणि दिवाण कपाळास हात लावून बोलिले, "महाराज, काल सुखी असलेले राज्य आज दुपारपर्यंत दुःखी जाहले. हे सर्व नव्या ॲपाने केले. जुने परत आणावे." निंबाजीने दरबारी परतून गजाईची हकीकत सांगितली होती, म्हणोन महाराज विचारात पडले. दिवाण बोलू लागले, "जुन्यात प्रजेस काही म्हणायचे नव्हते, आणि..." इतक्यात महाराजांचा फोन वाजला. आऊसाहेब होत्या. महाराज सिंहासनावरून उठून खांबामागे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "हो, जेवलो. हो, दही घेतले होते." मग परत येऊन बसले आणि पुसिले, "दिवाणजी, आपण काय सांगत होता?" दिवाणांनी आठवून पाहिले. आठवेना. महाराज बोलिले, "आम्हांसही आठवेना. हेच त्या बाईचे होत होते काय?" निंबाजी बोलिला, "हेच, महाराज." मग साकवाचा हुकूम जाहला, आणि वखारीत पाहिले तो एक फळी शिल्लक नाही. सर्वजण दिवाणांकडे पाहू लागले, दिवाण खिडकीतून गडावरच्या कोंबड्याकडे पाहू लागले. मग कोंबडगड उकलून ओंडके वेताळओढ्यावर नेले आणि साकव उभा केला, आणि त्याच दिवशी दिवाणांनी हुकूम काढिला की गड कधी नव्हताच. कोंबडा मोकळा होऊन परत दुपारी आरवू लागला. भिकाजीपंत नवी तक्रार लिहू लागले, आणि त्या अवधीत त्यांस कोणाचा फोन आला नाही.

सुंदरा साकवावरून हळूहळू चालत माहेरी आली, आणि मुलगी जाहली, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप. येणेप्रमाणे ॲप चालते जाहले. बाळ आल्यापासून गजाईस फुरसत नाही, सबब निंबाजीची चाचणी बंद आहे. त्याने सरकारात अर्ज गुदरला आहे, तो येथे उतरून देऊन हकीकत पुरी करितो.

"सेवेसी सविनय अर्ज की, राज्यातील प्रत्येक प्रोग्रामरास सरकारखर्चाने एक माणूस नेमून द्यावा, जो कामाचे ऐन मध्यात फोन करील आणि जेवलास का म्हणून पुसेल. नेमणूक कायम असावी, बाळ जाहल्यास बदली माणूस मिळावा. सदर अर्ज तक्रार-ॲपावरच लिहिला असे. लिहिताना मध्ये फोन आला नाही. सत्वर हुकूम व्हावा ही विनंती."