देवतळे काकांची तपासणी

देवतळे काकांच्या दाराची घंटी वाजवली की ते पुढचं दार उघडत नसत. मागच्या दारानं निघून, घराला वळसा घालून, आलेल्या माणसाला आधी पाठीमागून पाहत. "समोरून सगळेच चांगले दिसतात," म्हणायचे. आमच्या गल्लीतला पोस्टमन इतका सरावला होता, की तो घंटी वाजवून आपणच पाठ वळवून उभा राही.

काका आमचे शंकर नगरातले शेजारी. घरात एकटेच. सारी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलेली, त्यामुळे समोर येईल त्या गोष्टीच्या आत काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणि आत काहीच वावगं सापडलं नाही, की संशय दुप्पट होई. "इतकं सरळ काहून आहे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. छत्तीसगढ नवं राज्य झालं आणि आमच्या भागात रोज एखाद्या घरावर सरकारी दफ्तराची पाटी चढू लागली, तेव्हा काकांना उसंत मिळेना. "काल इथं मंडपवाला राहत होता. आज संचालनालय. तुले पटते का?"

पुढच्याच वर्षी मी बारावी झाले आणि एका नव्या कॉलेजात माझं नाव घातलं. पहिल्याच दिवशी बाबांची सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्यूटी आली. आईनं काकांना सोबत जायला सांगितलं. मी मनातल्या मनात रडले.

गेटवर पोचताच काकांनी कॉलेजच्या पाटीला बोट लावलं आणि बोट मला दाखवलं. निळा रंग. "ओला आहे."

मग चौकीदाराची पाळी. "कॉलेज कब से है?"

"दू महीना होगे, बाबूजी."

"उसके पहले क्या था?"

"गोदाम."

"हं," म्हणून काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही गोदाम मीच लपवून ठेवलं होतं. नव्या सलवार-कुर्त्यातल्या पोरी आमच्याकडे बघत पुढे जात होत्या. मी काकांपासून चार पावलं दूर चालू लागले.

त्यांनी प्रयोगशाळेचं कपाट उघडून पाहिलं. परीक्षानळ्या अजून गवतातच गुंडाळलेल्या होत्या. एक काढून उजेडात धरली, फुंकली, परत ठेवली. संडासात पाणी आहे का, मुलींच्या खोलीला आतून कडी लागते का, तेही पाहिलं. मग म्हणाले, "आता मास्तर खरा आहे का, ते पाहू," आणि माझ्यासोबत वर्गात शिरून शेवटच्या बाकावर बसले.

मॅडम तरुण होत्या. "अंकल, आप?"

"पालक."

मॅडमनी जास्वंदीचं फूल चिरून त्याचे भाग दाखवले, फळ्यावर काढले. काका मान पुढे काढून ऐकत होते. शेवटी त्यांनी हात वर केला. मी डोळे मिटून घेतले.

"मॅडम, ये इतना सीधा क्यों है?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "सीधा नहीं है, अंकल. आज पहला दिन है."

काका खाली बसले. तास संपल्यावर ते सरळ ऑफिसात गेले. मला वाटलं, नाव काढून घेतात. त्यांनी बाबूकडे आणखी एक फॉर्म मागितला.

"उम्र की कोई रोक है?"

"नहीं. बारहवीं पास चाहिए."

"पास है. फर्स्ट क्लास."

बाहेर येऊन ते पिंपळाच्या ओट्यावर बसले. फॉर्म मांडीवर ठेवून त्याच्या कडा सरळ करत राहिले.

"माझ्या सुमनसाठी," म्हणाले. "दुर्गला सासरी आहे. तेव्हा तिच्या कॉलेजात मले सगळीकडे भानगडच दिसे. बस, पोट्टे, मास्तर. नाही जाऊ दिलं. पाहायलेही गेलो नाही, बेटा. घरी बसूनच संशय घेतला."

त्यांनी खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. "पत्ता तू लिही. माझं अक्षर पाहिलं की ती फोडत नाही."

मी लिहिला. पाठवणाऱ्याचं नाव काय टाकू, म्हणून विचारलं. त्यांनी फॉर्म घडी करून पाकिटात सरकवला.

"तुझंच टाक."

पंधरवड्यानं उत्तर आलं, माझ्या नावावर. काकांची चौकशी त्यात नव्हती. फॉर्म भरते आहे, पण दुर्गहून सकाळची लोकल धरून फॉर्मवर छापलेल्या साडेदहाच्या तासाला पोचता येईल का, एवढंच सुमनताईनं विचारलं होतं.

ते पत्र मी काकांना नेऊन दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी केली.

"पोचते म्हणून लिही," ते म्हणाले. "मी तीन दिवस दुर्गहून त्याच लोकलनं येऊन पाहिलं."