विरजणाच्या वाट्यांची मोहीम

श्रीगजानन समर्थ, आणि त्यांचे खालोखाल कर्ज देणारी पेढी समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, चैत्र मासापासून एका राज्यात जे वर्तले ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले नाही. राज्य म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि रयत तीन माणसे. गादीवर अण्णासाहेब, निवृत्त भूगोलशिक्षक, मुदपाकखाना मातोश्रींकडे, आणि खजिना म्हणजे कन्या वैजयंतीबाईंचा पगार. ऐसे राज्य सुखे चालत असता घरमालक, जे त्या मुलखीचे पातशहा, त्यांचा निरोप आला की चिरंजीवांचे लग्न योजिले आहे, सबब कार्तिकाअखेर किल्ला खाली करून द्यावा. मग दरबार भरला आणि मातोश्रींनी पहिली तोफ डागली, "तीस वर्षं सांगतेय, स्वतःचं घर घ्या. तर म्हणायचे, पृथ्वी गोल आहे, कुठंही राहिलं तरी सारखंच!" अण्णासाहेबांनी तो गोळा निमूट सोसला आणि आज्ञा केली, "वैजू, उद्यापासून घरं बघायची."

मग प्रथम पेढीवर स्वारी जाहली. पेढीचे लोक मोठे मुत्सद्दी. ज्यास द्रव्याची गरज नाही त्यास फोन करकरून द्रव्य देऊ करिती आणि ज्यास गरज आहे त्यास गरज नसल्याचा पुरावा मागती. वैजयंतीबाईंचा पगार आणि अण्णासाहेबांचे निवृत्तिवेतन ऐसे एकत्र करून दोघांचे नावे कर्ज ठरले, आणि दरमहा हप्ता भरावा ऐसा तह जाहला. त्यास चौथाई म्हणावे तरी हिशेबी ती निम्माई निघाली. पेढीवरील कारभारणीने कागद चाळता चाळता पुसिले, "काका, तब्येत कशी असते?" अण्णासाहेब उत्तरले, "कर्ज फेडायला पुरेल इतकी." आणि सारी पेढी हसली.

मग हर्षलराव नामे दलाल वाटाड्या घेऊन मोहीम निघाली. हे हर्षलराव ऐसे की नाल्यास नदी म्हणावी आणि डासांस निसर्ग. त्यांनी प्रथम एका उंच इमारतीतील नमुन्याचे घर दाखविले. तेथील पलंग पाहून अण्णासाहेब चपला काढून त्यावर आडवे जाहले, तो गुडघ्याखालचे पाय बाहेर. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड करविला होता. अण्णासाहेब निजल्या निजल्याच बोलिले, "वामनाचा का हो हा?" हर्षलराव म्हणाले, "सर, तो फक्त दाखवायला." "मग खोलीही दाखवायलाच असेल," ऐसे बोलून राजे उठले आणि चपला चढविल्या.

आणि अण्णासाहेबांची एक रीत होती, जिने वैजयंतीबाई लाजून अर्ध्या होत. घर पाहून जाहले की राजे शेजारची घंटी वाजवीत आणि म्हणत, "थोडं विरजण मिळेल का हो?" त्यांचे शास्त्र ऐसे की नळ, गच्ची, वारा हे सर्व दलाल दाखवितो, शेजार कोणी दाखवीत नाही. विरजण ही चमचाभर वस्तू; ती देतानाही जो मागे सरतो त्याचे शेजारी म्हातारपण काढू नये. त्या समयी वैजयंतीबाई लिफ्टपाशी उभ्या राहून, हा मनुष्य आपला नव्हे, ऐसा चेहरा करीत. कोणी दाराच्या भिंगातून पाहून गप्प बसले, कोणी म्हणाले आम्ही डब्यातलं विकतचं आणतो, आणि कोणी वाटी भरून दिली. आता दिली वाटी रिकामी परत करू नये हा धर्म. मातोश्री म्हणत, "थांबा, काहीतरी करून पाठवू," आणि करणे राहून जाई. ऐशाने फळीवर परक्या नावांच्या वाट्यांची लूट चढत गेली. मातोश्री म्हणत, "घर एक नाही, वाट्या मात्र गावभरच्या!"

त्यातच एक जुनी इमारत पाहिली. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्यात कोणाच्या तरी छत्र्या वाळत घातलेल्या. हर्षलराव कानी लागले, "मॅडम, हे विकायला काढाल तेव्हा मार खाल," आणि वैजयंतीबाईंनीही नाक मुरडिले. अण्णासाहेब मात्र समोरच्या दारातून मिळालेली वाटी दोन्ही हातांत धरून रिक्षात बसले.

आषाढात एके सकाळी दाढी करता करता अण्णासाहेब कैलासवासी जाहले. त्याविषयी विस्तार करीत नाही.

पेढीस वर्तमान कळविले, तेव्हा पेढीने दुःख केले आणि निवृत्तिवेतन वगळून मिळावयाचे कर्ज कमी केले. हर्षलराव भेटीस आले आणि बोलिले, "आता दोघीच, तर छोटं चालेल ना मॅडम?" वैजयंतीबाई म्हणाल्या, चालेल. मग चहाच्या कपबशा आत नेऊन त्या बराच वेळ विसळीत राहिल्या. मग जी घरे परवडत ती पाहवत नव्हती आणि जी पाहवत ती पेढीस परवडत नव्हती, आणि कार्तिक तोंडावर आला. पातशहांचा लग्नाच्या मांडवाचा बिछायतवाला खोल्या मोजून गेला. तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "घराचं होईल ते होईल, आधी लोकांच्या वाट्या दे. त्यांच्यामागे कोणाचं देणं नको." आणि गुळपापडीच्या वड्या थापून एकेक वाटी भरून दिली.

मग वैजयंतीबाई एकट्या निघाल्या आणि ज्या दारांपासून लांब उभ्या राहत त्याच दारांच्या घंट्या वाजवू लागल्या. एक बाई वाटी पाहून ओरडल्या, "अय्या, हिच्यापायी मी जावेशी भांडले!" शेवटी एकच वाटी उरली. तिजवर कोरले होते: इंदुमती टिळे. ती त्या जुन्या इमारतीची.

दार उघडून इंदुमतीबाई वाटीकडे पाहून बोलिल्या, "अगं बाई, पुन्हा भरून? सर नाही आले?"

"पुन्हा म्हणजे?"

"अगं, वाटी न्यायचे, भरून आणायचे आणि परत विरजण मागायचे! बाजारातली चिक्की आणायचे. म्हणायचे, घरी कळवू नका, बायको म्हणेल विकतचं दिलंत. इथंच बसून चहा घ्यायचे आणि विचारायचे, समोरचं घर गेलं का हो? मी म्हटलं, एवढं आवडलंय तर घेऊन टाका की. तर म्हणाले, पसंत लेकीनं करायचं, हप्ता ती भरणार. मी नुसता घर जागेवर आहे का बघतो."

"बाबा आषाढात गेले," वैजयंतीबाई बोलिल्या.

इंदुमतीबाई मग वाटी घेऊन आत गेल्या, वड्या डब्यात काढिल्या, वाटी घासून पुसून विरजण घालून आणिली आणि म्हणाल्या, "दूध कोमट हवं हं. कढत नको."

"ही वाटी मी परत कधी देऊ?"

"समोर राहायला आलीस की दे. कुलूप आहे अजून. किल्ली माझ्याकडेच असते, बघतेस?"

वैजयंतीबाईंनी घर पाहिले. पलंग नव्हताच. भिंत मोजिली, त्यांच्या घरचा लांब पलंग खिडकीपाशी बसत होता. मग पेढीस लिहिले, आणि जुने घर स्वस्त, म्हणून कमी केलेले कर्जही पुरले, आणि हर्षलराव आपली दलाली आकसली म्हणून अण्णासाहेब गेले त्याहून अधिक कष्टी जाहले. कार्तिकाअखेर किल्ला खाली केला आणि छत्र्यांच्या जिन्याने सामान चढविले. पहिले सकाळी दही कवडीसारखे लागले. मातोश्रींनी चाखून म्हटले, "पारख होती माणसाला. पण पृथ्वी गोल असली तरी सगळीकडे सारखंच नसतं, हे शेवटपर्यंत कबूल केलं नाही!"

तात्पर्य, राज्य दोन खोल्यांचे होते ते दोन खोल्यांचेच राहिले. दरम्यान वीस वर्षांचे कर्ज जाहले आणि राजा खर्ची पडला. वाटी भरून समोर पोचविली आहे. इंदुमतीबाईंनी ती रिकामी परत केली नाही. इतके वर्तले, इतकेच लिहिले.