दवाखान्याच्या भिंतीवर माझी दाढ

बायकोच्या दवाखान्यात आपण भिंतीवर एक स्क्रीन लावून देऊ, असं मी जेवताना सहज बोलून गेलो. तोंडात घास असताना माणसाने योजना जाहीर करू नयेत, हे मला आता पटलंय.

बायको दातांची डॉक्टर. बाहेरच्या खोलीत आठ खुर्च्या, एक टेबल आणि टेबलामागे मदतनीस बाई. या बाई दिवसातून साठ वेळा "तुमचा नंबर अजून आला नाही, बसा" एवढंच म्हणतात.

"त्यांचा घसा वाचेल," मी म्हणालो. "बाईंनी मोबाइलवरून नंबर बदलला की स्क्रीनवर दिसेल."

"कोण करणार हे?"

"मी."

"तुम्ही?" असं म्हणून तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. (त्या 'तुम्ही?'नेच घात केला. नाहीतर हात धुताना मी विसरूनही गेलो असतो.)

मी साधा कारकून आहे. प्रिंटरमध्ये कागद नेमका कुठे अडकतो ते मला ठाऊक असल्यामुळे ऑफिसात मला कॉम्प्युटरमधला जाणकार समजतात. त्या बळावर मी पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा कॉम्प्युटर आणला. डबी नाही, झाकण नाही, नुसती हिरवी पाटी. तो जुन्या टीव्हीला जोडायचा. वीज आली की आपोआप ब्राउझर उघडायचा आणि आपल्याला हवी तीच पानं पडदाभर दाखवायची. चौकट नाही, बाण नाही, बंद करायची फुली नाही. याला किऑस्क म्हणतात. हे सगळं बायकोला समजावताना मी 'किऑस्क' हा शब्द अकरा वेळा वापरला.

आठवडाभर खपून मी ते जमवलं. एक पान नंबरचं, दुसरं दात कसे घासावेत याचं, आणि दर पंधरा सेकंदांनी पानं आपोआप बदलणार. मध्येच वीज गेली तर पंचाईत नको म्हणून 'मागच्या वेळी उघडी असलेली पानं पुन्हा उघडा' यावरही खूण केली. फार अभिमान वाटला होता मला त्या खुणेचा.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. दोन महिने माझी दाढ दुखत होती आणि बायकोला मी त्यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. मला दातांच्या डॉक्टरांची भीती वाटते. (लग्न ठरलं तेव्हा ती अजून शिकत होती. शिक्षण अर्धवट सोडेल अशी मला अंधुक आशा होती.) रविवारी दुपारी ती बहिणीकडे गेली, कीबोर्ड जोडलेलाच होता, समोर टीव्ही एवढा मोठा. मी निवांत बसून दाढेबद्दल वाचलं, एके ठिकाणी नाव न देता प्रश्नही टाकला. मग तिचा जिन्यातला आवाज ऐकून घाईघाईने थेट प्लगच उपटला.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी दवाखान्यात स्क्रीन लावली. आठही खुर्च्या भरलेल्या होत्या. बटण दाबलं. पडद्यावर भला मोठा एक आकडा आला.

"छान दिसतंय हो साहेब," बाई म्हणाल्या.

मग दात घासण्याचं पान आलं. मग तिसरं पान आलं.

'दाढ काढताना जबडा मोडतो का?'

खोलीत चुळबुळ झाली. कडेच्या खुर्चीतल्या आजोबांनी गालावर हात ठेवला. पंधरा सेकंदांनी चौथं पान आलं: 'भूल चढलीच नाही तर? पाच अनुभव.' आजोबा उठले.

"मी जरा फिरून येतो."

"गुपचूप बसा," शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या.

मी खिसे चाचपले. कीबोर्ड घरी राहिला होता. कोणालाही पान बंद करता येऊ नये अशी व्यवस्था मी स्वतःच केली होती, आणि ती उत्तम चालत होती. शेवटी ऑफिसातला रामबाण उपाय केला. बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी एकच पान आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

"काय लिहिलंय गं? चष्मा नाही माझ्याकडे," आजींनी विचारलं.

बाईंनी खणखणीत आवाजात वाचलं, "'दोन महिने दाढ दुखते आहे. बायकोच दातांची डॉक्टर आहे. तिला न कळता काही करता येईल का?' खाली एकाने उत्तर दिलंय, डॉक्टर बदला. दुसऱ्याने लिहिलंय, बायको बदला."

आठही माणसं माझ्याकडे वळली. तेवढ्यात आतलं दार उघडलं. हातमोजे घातलेली बायको दारात उभी राहिली. तिने पान वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं.

"मग? यातलं काय ठरलं?"

"अगं, ते आपलं... नमुन्यादाखल..."

"अहो, आत या."

"पण नंबर आजोबांचा आहे!"

"जाऊ दे, जाऊ दे," आजोबा घाईघाईने म्हणाले. "त्यांना आधी घ्या. मला मुळीच घाई नाही."

खुर्चीत मी डोळे घट्ट मिटून पडलो. तिने हलक्या हाताने दाढेवर टकटक केलं. मी छताला पोचलो.

"हल्ली तुम्ही हसतच नव्हता," आरशाने दाढ पाहता पाहता ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच काही चुकलं."

यावर मला पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडात तिची दोन बोटं आणि एक आरसा होता. मी नुसतं "आँ" म्हणालो. तिला ते कळलं असावं. कारण नंतरची भुलेची सुई मला जाणवलीसुद्धा नाही. चार मिनिटांत दाढ बाहेर आली.

तोंडात कापूस कोंबून मी बाहेर आलो. आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"पाहिलंत? हा माणूससुद्धा जिवंत बाहेर आला. उठा आता."

आजोबा मुकाट्याने आत गेले. त्यांच्या मागून बाकीचेही नंबराने आत गेले, एकही घरी परत फिरला नाही.

स्क्रीन बायकोने त्याच दिवशी उतरवून ठेवली. पण दर शनिवारी दुपारी ती मला दवाखान्यात बोलावते आणि कडेच्या खुर्चीत बसवते. काम काहीच नसतं. कोणी फार घाबरलं, की बाई माझ्याकडे नुसतं बोट दाखवतात.