परशुरामाचा आठवा कौल

लवूने कोल्हापूरच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलं आणि एकसष्ट सालच्या मेच्या सुट्टीत तो मिठबावला परतला, तो माणूस हे एक यंत्र आहे अशी खात्री करूनच. मर्जी, इच्छा, मनात आलं म्हणून केलं, हे सगळं थोतांड असं तो म्हणे. प्रत्येक वागण्यामागे कारण असतं. कारणं हाती लागली की माणूस पुढे काय करणार ते ग्रहणासारखं आधीच सांगता येतं. आई यशोदेने हे शांतपणे ऐकून घेतलं.

"मगे आज तू भाकऱ्यो किती खातलस ता आदी सांग. माका थापूक बरा," ती म्हणाली.

लवूला ते सांगता आलं नाही. पण त्याच्या डोक्यात तेव्हा भाकऱ्या नव्हत्या, सत्यवती होती. कट्टा गावच्या एका दुकानदाराची ही मुलगी त्याच्या मनात भरली होती आणि तिच्या घरून स्थळही सांगून आलं होतं. फक्त, "रविवारपर्यंत जबाब द्या, नायतर इन्सुलीच्या नाक्यावरचो कारकून तयार आसा," असा निरोप सोबत होता. आणि लवूचे वडील परशुराम देवीचा कौल घेतल्याशिवाय आंब्याची आढीसुद्धा घालत नसत.

कौलाची रीत साधी. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लवूने वही काढली आणि वडिलांचा शास्त्रीय अभ्यास आरंभला. वर्षभरात परशुरामांनी सात कौल घेतले होते आणि सातही वेळा देवीपुढचं गाऱ्हाणं एकच होतं: 'काम बरा आसात तर उजवो दी.' मग आठव्यांदा माणूस वेगळं विचारेलच कशाला? तेव्हा डावी पाकळी पडता कामा नये, एवढंच काय ते बघायचं. 'डावी बाजू, फणसाचा चीक, रविवारी पहाटे', असं त्याने वहीत नीट लिहून ठेवलं. प्रयोगात आपलं बोट घालू नये हे त्याला ठाऊक होतं. पण ज्यांनी हा नियम केला त्यांची लग्नं बहुधा उरकलेली असावीत.

रविवारी सकाळी सगळे देवळात जमले. विठोबा गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली.

"बाये, ह्या लग्न बरा आसात तर..."

"थांब विठोबा," परशुराम म्हणाले. "आज उलटा विचार. ह्या लग्न वायट आसात तर उजवो दी."

"असा कदी विचारूक नाय तुमी!"

"म्हणानच! आमच्या झिलाच्या वहीत लिवलेला आसा, बापूस सातदा तसाच विचारता म्हंजे आठव्यांदाय तसाच विचारतलो. मी काय रहाट आसंय, एकाच बाजून फिराक?"

ज्याचं भाकीत केलं त्यानेच ते वाचलं तर काय करावं, याचा धडा त्याच्या पुस्तकात नव्हता. डावी पाकळी तर त्याने पहाटे फासलेल्या चिकामुळे आता जागची हलणार नव्हती. उजवी पडली की लग्न मोडलं, आणि ते स्वतःच्याच बोटाने मोडलं!

"वारो येता बाबा, दार लावू?"

"देवीक दारात कोंडतंस? बस खाली!"

तो बसला, पण श्वास रोखून. यशोदेला शिंक आली तेव्हा त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ती अर्ध्यावरच गिळली. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, तास गेला. खाडीवरून वाऱ्याची झुळूक आली, समई फडफडली, टांगलेली घंटा हलली. पाकळ्या सुकून त्यांच्या कडा वळल्या, पण एक पडेल तर शपथ. लवूच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ कोडंही पडलं. उजवीला काय झालं?

अखेर विठोबाने घसा खाकरला. "देवी गप आसा. म्हंजे ती म्हणता, तुमचा तुमी ठरवा."

परशुराम ताठ उभे राहिले. टोपी सारखी केली. "मगे मी ठरवलंय. लग्न होतला! अकराच्या गाडयेन कट्ट्याक निरोप धाडा."

लवूला देवळातच उडी मारावीशी वाटली. आनंदाच्या भरात घरी आल्यावर त्याला बोटांची आठवण झाली. चीक निघतो तो फक्त खोबरेल तेलाने. स्वयंपाकघरात तेलाची वाटी नव्हती. तो मागील दारी गेला, तर परशुराम दगडावर बसून उजव्या हाताची बोटं तेलाने चोळत होते.

बापाने मुलाचा हात पाहिला, मुलाने बापाचा.

"बाबा, तुमीपण?"

"वहीत तुझी डावी वाचली, म्हणान मी उजयेक लावलंय."

"तुमका लग्न व्हया होता, तर सरळ विचारूचा! उजवो पडलो असतो नि काम झाला असता."

"व्हया होता रे! पोरगी लाखात एक आसा. पण तू आदीच लिवन ठेवल्यार माझ्या होकाराक किंमत काय रवली?"

तेवढ्यात विठोबा अंगणातून वळसा घालून आला. त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना पाकळ्यांचे तुकडे चिकटले होते.

"वैनी, वायच तेल दी गो."

"तुका म्हायत होता?" परशुराम ओरडले. "मगे चीक पुसलंस कित्याक नाय?"

"एक बाजू चिकाटली असती तर पुसलंय असतंय. दोनय बाजू चिकाटल्यो. म्हटलंय, ह्या घरातला आदीच ठरलेला आसा. देवीक फुकट तरास कित्याक?"

लवूला इतकं हसू आलं की तो खालीच बसला. कॉलेजात वर्षभर जे शिकला, ते गुरवाने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. यशोदा तेलाचा मोठा वाडगा घेऊन बाहेर आली आणि तिघांच्या मधे ठेवून म्हणाली, "भरूनच ठेवलेला. दोघांय पहाटे येगयेगळे फणसाखालसून येताना बघलंय. आता हात धुवा नि जेवक चला. लवू, तू आज चार भाकऱ्यो खातलस."

यंत्र नाही म्हणजे नाही, असं मनाशी ठरवून लवू तीन भाकऱ्यांवर ठामपणे थांबला. पण आईने पानात ओल्या काजूगरांची उसळ आणखी एक पळी वाढली, परशुराम सत्यवतीच्या आईबापांना कोणत्या आंब्यांची पेटी न्यायची ते सांगू लागले, आणि ते ऐकता ऐकता चौथी कधी संपली हे त्याचं त्यालाच कळलं नाही.